मांडून ठेवलेलं सामान

“पोरी, हे पोट्टी आपलं स्वतःचं सामान असं मांडाले लागली ना, त मले सांगजो. आन मी नसली त तूच पायजो.”

सीताबाई हे बोलली तेव्हा दिव्या हसली होती. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं. चंद्रपूरच्या तुकूममधली भाड्याची खोली, खोलीत दोघी: दिव्या बी.एस्सी.ला, सोमारी पुंगाटी चित्रकलेच्या कॉलेजात. सीताबाई ही सोमारीची आई. एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या गावातून बस बदलत बदलत लेकीला भेटायला आलेली. फडक्यात चारोळी आणि वाळवलेले मोह बांधून ती दारात उभी राहिली, आत नजर टाकली आणि तिचा पाय उंबऱ्यातच अडकला. सोमारीनं स्टुलावर चादर पसरून वर वस्तू मांडल्या होत्या. तांब्या, कंदील, स्वतःची ओढणी, स्वतःचा कंगवा. समोर कागद घेऊन ती बसलेली, आई आल्याचंही तिला भान नाही.

“कोन मेलं?” सीताबाईनं विचारलं.

त्यांच्या गावची रीत अशी, की माणूस गेला की त्याचं सामान त्याच्यासोबत जातं. जिथे त्याला मातीत ठेवलं तिथेच त्याची खाट उलटी टाकतात, पाण्याचा तुंबा, गाडगं, कपडे, जे त्याचं म्हणून होतं ते सगळं नीट मांडतात. मग ते ऊन खातं, पाऊस खातं. तिथून कुणी काही परत आणत नाही. जित्या माणसाचं सामान कसं, इकडे तिकडे पडलेलं असतं, हरवतं, सापडतं, कुणीतरी त्यावरून ओरडतं. त्याला कुणी मांडत बसत नाही.

“मावशी, थो अभ्यास आहे तिचा,” दिव्या म्हणाली. “मार्क असतेत त्याले.”

“मार्क कोन देते?”

“सर देतेत.”

“मंग सराले म्हणा, तुमचं सामान मांडा.”

सोमारी खो खो हसली, पण तिनं ओढणी आणि कंगवा तेवढा उचलला. जाताना सीताबाईनं दिव्याला बाजूला घेऊन वरची ती गोष्ट सांगितली, आणि दिव्यानं “हो हो मावशी, सांगीन” म्हणून तिला बसमध्ये बसवून दिलं. बस वळणापर्यंत पोचायच्या आत ती ते विसरलीही होती.

सोमारी मात्र विसरली नाही. त्या दिवसापासून तिनं चित्रासाठी स्वतःची एकही वस्तू मांडली नाही. उसनी आणायची. घरमालकिणीचा खलबत्ता, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची किटली, दिव्याचे फाटके बूट. चित्र झालं की वस्तू पुसून, तिच्या मालकाच्या हातात परत. चहावाला म्हणायचा, “पोरी, तू नेली का किटली चमकून येते, रोज नेत जा.” दिव्या तिला उसनवारीची चित्रकार म्हणून चिडवायची.

एकच वस्तू परत आली नाही. दिव्याचा हिरवा प्लास्टिकचा मग्गा. दिव्यानं त्यात पाणी तापवायचा रॉड लावला आणि फोनवर बोलत बसली, तर मग्ग्याची कड वितळून ओठ मुडपल्यासारखी झाली. खोलीभर वास. त्या मुडपलेल्या ओठावर सोमारीचा फार जीव जडला. खोली सोडताना तिनं तो पिशवीत टाकला. “एवढा राहू दे व. मंग देतो.”

“देजो बरं. महा मग्गा आहे थो,” दिव्या म्हणाली होती.

*

पुढे दिव्याचं लग्न झालं. नवरा प्रफुल वीज केंद्रात शिफ्टमध्ये, सासूबाई गुलाबबाई घरात, आणि आता नुकतीच भिंत धरून उभी राहायला लागलेली समू. दिव्या काळजी करणारी बाई. पहिल्यापासूनच होती, पण समू झाल्यावर तिची काळजी रात्रंदिवस जागी राहिली. पोरीच्या नाकापुढे तळहात धरून श्वास बघायचा. दूध हुंगून बघायचं. गॅसचं बटण बंद आहे ना, म्हणून तीनतीनदा उठायचं. गुलाबबाई म्हणायच्या, “अवो, एवढी चौकीदारी त डब्ल्यूसीएलच्या खाणीच्या गेटवर नाई!”

बाळंतपणानंतरचे काही महिने तर असे गेले, की दिव्याला ते आठवायलाही नको वाटतं. पोरगी रडायची आणि हिला वाटायचं, आपण नसलो तर ही बरी वाढेल. हे कुणाला सांगावं? आईला सांगितलं तर ती रडेल, प्रफुलला सांगितलं तर तो घाबरेल. मग एकदा लसीच्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाईनं, कार्डावर शिक्का मारता मारता, मान वर न करताच विचारलं, “जीव नको वाटते का गं कधी?” भाजीचा भाव विचारावा तसं. दिव्या तिथेच बाकड्यावर बसून रडली. नर्सबाईनं डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, गुलाबबाईंनी रात्रीची पोर स्वतःकडे घेतली, आणि हळूहळू दिव्याला झोप लागायला लागली. घरात सगळे आपले होते, पण विचारलं त्या परक्या बाईनं. ते तिच्या मनात राहून गेलं.

या सगळ्यात सोमारीचे फोन कमी कमी झाले. ती गावाजवळच्याच एका आश्रमशाळेत कंत्राटी चित्रकला शिक्षिका होती. सीताबाई वारली, तेव्हा दिव्याला सातवा महिना, जाता आलं नाही. फोनवर सोमारी म्हणाली, “नोको येऊ. रस्ता खराब आहे.” त्यानंतर मेसेजला अंगठा यायचा, कधी तोही नाही.

आणि मार्चमध्ये एक दिवस मोबाइलवर पत्रिका आली. ‘सामान. सोमारी पुंगाटी यांच्या चित्रांचे पहिले एकल प्रदर्शन.’ पाठवली होती देवाजी सरांनी, सोमारीच्या कॉलेजातल्या. रिटायर झाले तरी कॉलेज डोक्यातून गेलेलं नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल त्यांनीच खटपट करून मिळवला होता. दिव्याला एवढा आनंद झाला, की तिनं पत्रिका सगळ्या ग्रुपवर टाकली, सोसायटीच्यासुद्धा.

*

उद्घाटनाला दिव्या समूला कडेवर घेऊन गेली, सोबत गुलाबबाई. त्यांना चित्रांचं काही नव्हतं, पण नात ऊन लागून आजारी पडेल म्हणून छत्री धरायला आल्या होत्या.

हॉल भरलेला होता. भिंतींवर चित्रं, आणि चित्रांत एकही माणूस नाही, नुसत्या वस्तू. पण त्या वस्तू गप्प बसलेल्या नव्हत्या. सोमारीनं रंग ब्रशनं लावलेलाच नव्हता, पॅलेट नाइफनं थापला होता, घरात भिंत लिंपावी तसा. एका चित्रात तुंबा होता, निळाकाळा, पोटात कुणी हुंदका दाबून धरल्यासारखा फुगलेला. एकात मोहफुलांची टोपली, आणि फुलं अशी पिवळी की अंधारात कुणीतरी वाती लावून गेलंय. एका मोठ्या कॅनव्हासवर तांबड्या मातीत उलटी टाकलेली खाट होती. चार पाय आभाळाकडे, पाठीवर पडलेल्या जनावरासारखे.

गुलाबबाई त्या खाटेपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. “बाप्पा! खाट उलटी काऊन टाकली व? ढेकणं झाले का?”

शेजारचे दोघे हसले. दिव्यानं हळू आवाजात त्यांना ती रीत सांगितली. गुलाबबाईंनी लगेच डोक्यावरचा पदर सारखा केला. “मंग आधी सांगाव ना. मी आपली ढेकणावर गेली.” आणि खाटेला हात जोडले.

सोमारी टोकाला उभी होती. दिव्यानं तिला पाहिलं. पोरगी अर्धी झाली होती. नवी साडी, केसांत फूल, पण गळ्याची हाडं दिसत होती. आणि डोळे बारीक करून ती समोरच्याला ओळखत होती.

“चष्मा कुठी आहे तुहा?” दिव्यानं मिठीतूनच विचारलं.

“आहे ना, ठेवला आहे.”

“कुठी ठेवला? तुले त हाताभरावरचं दिसत नाई.”

“आता काय पाहाचं राह्यलं व,” सोमारी हसून म्हणाली. “झाले ना चित्रं.” आणि तिनं समूचा गाल कुस्करला. मग टेबलाखालून एक लांबट लाकडी पेटी काढून दिव्याच्या हातात दिली. “हे समूले.”

पेटीत तिचे ब्रश होते, सगळेच. सेबलच्या केसांचे महाग ब्रश, ज्यांना ती दिव्याला हातही लावू द्यायची नाही, ते धुऊन, पुसून, ओळीनं ठेवलेले.

“हे काय? तुले नाई लागत?”

“नवे घेईन,” सोमारी म्हणाली, आणि कुणीतरी फोटोला बोलावलं म्हणून गेली.

भाषणं झाली. कुणी म्हणालं, आदिवासी जीवनाचं दर्शन. कुणी म्हणालं, निसर्गाशी नातं. मग देवाजी सर बोलायला उभे राहिले. “स्थिरचित्र म्हणजे काय? फळांचं ताट नव्हे. वस्तू ठेवून गेलेल्या माणसाचं चित्र. सोमारीनं आपल्या आईचं सामान रंगवलं आहे. यातल्या प्रत्येक वस्तूतून तिची आई आपल्याकडे बघते आहे.” टाळ्या पडल्या. समू दचकून रडायला लागली, म्हणून दिव्या तिला खांद्यावर थोपटत हॉलच्या मागच्या भिंतीकडे गेली. तिकडे गर्दी नव्हती. चहा दुसऱ्या बाजूला होता ना.

थोपटता थोपटता ती चित्रं बघत गेली. तुंबा, गाडगं, सीताबाईचं ते हिरव्या काठाचं लुगडं. सीताबाई तुकूमच्या खोलीत ते वाळत घालायची, दिव्यानं ओळखलं. तिचे डोळे भरून आले. पुढचं चित्र: एक काळी छत्री, मिटलेली, मातीत आडवी. पुढचं: पट्ट्याच्या सँडल, एकीचं बक्कल तुटलेलं. दिव्या तिथे जरा रेंगाळली. सीताबाई तर उभ्या जन्मात अनवाणी चालली. चंद्रपुरातही. डांबरावर पाय भाजतो म्हणून सोमारीनं चप्पल आणली, तर तिनं ती डोक्यावरच्या बोचक्यात बांधली.

पुढच्या चित्रात चष्मा होता. गवतात ठेवलेला. दोन्ही काचांत आभाळ.

सीताबाईला चष्मा नव्हता.

दिव्याचा थोपटणारा हात थांबला. समू पुन्हा कुरकुरली, तरी थांबलेलाच. शेवटचं चित्र तिनं बघायच्या आधीच तिला माहीत होतं, तरी ती बघायला गेली. लहानसा कॅनव्हास. तांबडी माती, मातीत वाळकी पानं, आणि मधोमध, एकटा, हिरवा मग्गा. त्याची कड ओठ मुडपल्यासारखी वितळलेली.

उसनवारीची चित्रकार. जिनं आईच्या शब्दानंतर कधी आपलं सामान मांडलं नाही, तिनं ते एकेक करून आईच्या शेजारी मांडलं होतं. आणि अख्खं चंद्रपूर चहा पीत त्याला टाळ्या देत होतं.

मी नसली त तूच पायजो.

देवाजी सर बिस्किटाची बशी घेऊन मागून आले. “हा मग्गा कसा वाटला, दिव्या? मला तर हेच सगळ्यात आवडलं. काय हिरवा आहे! एवढं करून म्हणते, सर, आता मी चित्र काढणार नाही. मी म्हटलं, प्रदर्शन झालं की प्रत्येकाला असं वाटतं. रिकामपण येतं.”

“सर,” दिव्या म्हणाली, “हा माझा मग्गा आहे.”

सर हसले. त्यांना वाटलं, ही गंमत करते आहे.

*

जिन्यात पाण्याचा कूलर होता आणि त्याच्या मागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. दिव्यानं सोमारीला हाताला धरून तिथे आणलं. समू कडेवर, गळ्यातली माळ ओढत होती. काही चुकीचं बोललो तर? विचारून आपणच तिच्या मनात घातलं तर? तिला आठवली ती शिक्का मारणारी नर्सबाई. भाजीचा भाव विचारावा तसं.

“सोमारी, जीव द्याचा विचार करून राह्यली का तू?”

सोमारीनं तिच्याकडे बघितलं. डोळे बारीक न करता, एवढ्या जवळून तिला नीट दिसत होतं.

“तुले कोनं सांगितलं?”

“तूच सांगितलं. भिंतीवर टांगलं आहे सगळं. छत्री तुही, सँडल तुह्या, चष्मा तुहा. खरंच नेऊन ठेवला का तिथी, मावशीजवळ?”

सोमारीनं होकाराची मान हलवली. कूलर घरघरत होता.

“पहिले मायचंच काढत होती मी,” ती म्हणाली. “शाळा सुटली का तिथी जाऊन बसायची. खाटेजवळ. बरं वाटे. मंग एक दिवस छत्री तिथीच विसरली. दुसऱ्या दिवशी गेली त छत्री मायच्या तुंब्याजवळ अशी पडली होती, जशी तिथलीच. आन मले इतकं हलकं वाटलं दिव्या. म्हणजे, एवढं वजन कमी झालं. मंग मी एकेक नेत गेली.”

“आन ठरवलं आहे का, कधी?”

“प्रदर्शन होऊ दे म्हटलं. सरांनी इतकी मेहनत घेतली.”

असं म्हणाली ती. सरांनी मेहनत घेतली म्हणून. दिव्याला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि पोर कडेवर असल्यामुळे दोन्ही नीट करता येईना.

“मह्यं बी झालं होतं असं,” ती म्हणाली. “समू झाल्यावर. मी कोनाले सांगितलं नाई, तुले बी नाई. मले वाटे, मी गेली त सगळ्याईले सोपं होईन. थे खोटं होतं. तेव्हा मले खरं वाटत होतं, पण थे खोटं होतं.”

“तुह्यं वेगळं आहे व. तुले घर आहे, पोरगी आहे.”

“तेव्हा बी होते ना दोन्ही. तेव्हा काऊन नाई दिसले मले?”

समूनं हात लांब करून सोमारीच्या केसांतलं फूल ओढलं आणि तोंडात घातलं. दिव्यानं सवयीनं बोट घालून ते बाहेर काढलं. तेवढ्यात सोमारी क्षणभर हसली, आणि लगेच तिचा चेहरा पहिल्यासारखा झाला.

“आता होत नाई दिव्या. सामान गेलं आहे मह्यं. तिथलं परत आणत नाईत.”

दिव्याला हे अपेक्षित नव्हतं. डॉक्टर, गोळ्या, सुट्टी, सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. पण ही रीतीचं बोलत होती, आणि रीतीपुढे गोळ्या काय करणार? मग तिला तो हिरवा रंग आठवला.

“तुह्यं तू पाय,” ती म्हणाली. “पण मग्गा महा आहे.”

“काय?”

“मग्गा. हिरवा. मी जाळला होता थो. मी तुले उसना दिला होता, तू म्हणली मंग देतो. मही वस्तू तू तिथी कोनाले विचारून ठेवली? मी मेली नाई. मह्यं सामान काऊन मांडलं?”

सोमारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“चहावाल्याची किटली परत दिली,” दिव्या म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. “घरमालकिणीचा खलबत्ता दिला. महे फाटके बूट, ज्याले कुत्रं विचारत नोयतं, थे बी पुसून दिले. आन मग्गा नाई देत? मले परत पाह्यजे. तूच आणून दे. दुसऱ्या कोनाच्या हातानं मी घेनार नाई.”

सोमारीच्या तोंडून एक आवाज निघाला. दिव्याला वाटलं हसली, पण ते हसणं नव्हतं. ती गठ्ठ्यांवर खाली बसली, साडीचा पदर तोंडात धरला आणि रडायला लागली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती, हे तिनं नंतर सांगितलं. नुसती रंगवत होती.

तेवढ्यात गुलाबबाई जिन्यात आल्या, एका हातात छत्री, एका हातात समूचा डबा. “अवो, पोरीले भूक लागली असन, आन तुम्ही इथी...” त्यांनी दोघींकडे बघितलं. काय झालं ते विचारलं नाही. डबा कूलरवर ठेवला, समूला घेतलं, आणि सोमारीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आज आमच्या घरी चल माय. वांग्याची भाजी आहे. तुह्या त गळ्यात पाणी भरून ठेवता येईन, एवढे खड्डे पडले.”

*

शाळेत रजा कळवून सोमारी त्यांच्याकडे राहिली. दिव्या तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली, ज्यांनी तिला स्वतःला बरं केलं होतं त्यांच्याकडेच. गोळ्या लगेच काम करत नाहीत हे दिव्याला माहीत होतं, म्हणून ती जागी राहायची. समूच्या नाकापुढे तळहात धरायचा, मग हळूच दुसऱ्या खोलीत जाऊन सोमारीचा श्वास ऐकायचा. एकदा सोमारी अंधारातूनच म्हणाली, “जिवंत आहो व. झोप आता.”

देवाजी सरांना सांगितलं तेव्हा ते उठून गेले आणि मागच्या भिंतीवरची चित्रं स्वतःच्या हातानं उतरवून पेटीत भरली. एक गृहस्थ मग्ग्याचं चित्र मागत होते, त्यांना सर म्हणाले, “ते विकायचं नाही. वस्तू दुसऱ्याची आहे.”

प्रफुलनं नवा चष्मा करून आणला, जाड काळ्या काड्यांचा. गुलाबबाई म्हणाल्या, “हेडमास्तरीण दिसते.” उन्हाळाभर सोमारी गुलाबबाईंसोबत भाजी निवडत बसली, समूच्या मागे फिरली. मेच्या शेवटी एकदा तिनं समूची लाळेरी आणि वाटी-चमचा ओट्यावर ठेवला आणि पेन्सिल घेतली. दिव्या दारात उभी. सोमारीनं मागे न बघता सांगितलं, “उसनं आहे. परत ठेवीन.”

शाळा सुरू व्हायच्या वेळी ती गेली. जायचंच म्हणाली. तिकडच्या रीतीनं आईच्या नावाचा दगड उभा करायचा होता, आणि गावच्या म्हाताऱ्यांना विचारायचं होतं, की जित्या माणसाचं सामान चुकून तिथे गेलं तर काय करतात. आणि मग्ग्याचं तर विचारायचंच होतं. डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, नंबर दिला. ठरलं असं, की रोज संध्याकाळी ती शाळेमागच्या टेकाडावर जायची, जिथे रेंज येते, आणि फोन करायचा. ती करायची. “जेवली, गोळी घेतली, चष्मा घातला आहे, ठेवतो,” एवढंच. कधी चिडून, “हजेरी लाव मही.” दगड उभा झाला, हेही तिनं असंच एका ओळीत सांगितलं. म्हाताऱ्यांचं काय ठरलं विचारलं, तर म्हणाली, “बसले आहेत. बोलून राह्यले. आल्यावर सांगतो.”

परवापासून फोन नाही.

पाऊस आहे, नाल्यावरून पाणी जातंय, टॉवर बंद असेल. प्रफुल म्हणतो, दर वर्षी होतं तिकडे. बरोबर आहे त्याचं, दिव्यालाही कळतं. शाळेचा फोन लागत नाही. सोमारीचा चुलतभाऊ लालसू अहेरीला अडकला आहे, पाणी उतरलं की निघतो म्हणाला. समूला ताप आहे, नाहीतर दिव्या एव्हाना नाल्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन बसली असती.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी नाल्याच्या पलीकडे असाल, शिक्षक, नर्स, वनखात्याचे, दुकानदार, कुणीही, तर आश्रमशाळेच्या मागच्या खोल्यांत एकदा जाऊन या. शेवटची खोली, दारासमोर सीताफळाचं झाड. काळ्या काड्यांचा चष्मा तिच्या डोळ्यांवर आहे का बघा. जेवली का विचारा. आणि ते दुसरं विचारायलाही घाबरू नका, सरळ विचारा, भाजीचा भाव विचारल्यासारखं. चित्रांबद्दल काही बोललं नाही तरी चालेल. फक्त निघताना एवढी आठवण द्या, की दिव्यानं मग्गा मागितला आहे, आणि तो तिच्याच हातानं पाहिजे.